वाचकांचे प्रश्न : ग्रुपवर सगळे बोलतात, मला नुसतं ‘इमेज’ ऐकू येतं

मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या की मला अजिबात दिसत नाही आणि तरी फेसबुक, व्हॉट्सॲप, मॅस्टोडॉन (ट्विटरसारखंच एक) सगळं मी कॉम्प्युटरवर वापरते, स्क्रीन रीडर नावाच्या सॉफ्टवेअरने, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या. त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्याहून जास्त आपल्या सोलापूरचेच आहेत. सगळ्यांना जागा नाही, म्हणून ज्यांची उत्तरं बाकीच्यांनाही उपयोगी पडतील असे घेतलेत, आणि नावं कुणाचीच टाकलेली नाहीत.

प्रश्न : मी रिटायर्ड शिक्षक, जुळे सोलापूर. काचबिंदूनं तीन वर्षांत नजर गेली, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. मुलगा पुण्याला असतो, त्यानं लॅपटॉप आणून ठेवलाय. टाइपिंग मला येतं, शाळेत मार्कलिस्टा मीच करायचो. आमच्या डी.एड.च्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रोज गप्पा चालतात. नातू सुट्टीला आला की वाचून दाखवतो पण मधलं गाळतो. मला स्वतः वाचायचंय आणि स्वतः उत्तर द्यायचंय. या वयात जमेल का? कसं करायचं सांगा की.

उत्तर : सर, जमेल. टाइपिंग येतं म्हणजे अर्धं काम आधीच झालंय, कारण आपल्याला माउस लागत नाही, सगळं कीबोर्डवर चालतं.

मुलाला सांगून एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर टाकून घ्या. फुकट आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी ते सुरू केलं, मग जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, आणि दोघंही आपल्यासारखेच, न दिसणारे. म्हणून त्यात कुठं काय अडतं हे बनवणाऱ्याला स्वतःच्या बोटांनी माहिती असतं. त्याच्यासोबत ई-स्पीक नावाचा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. आता हा आवाज पहिल्यांदा ऐकला की माणूस लॅपटॉप बंद करतो, हे आधीच सांगून ठेवते. पत्र्याच्या डब्यात बसून कुणीतरी बोलतंय असं वाटतं, जोडाक्षरावर अडखळतो, ‘ज्ञानेश्वर’ ऐकून मला पहिल्या दिवशी रडू यायचं बाकी होतं. पण पंधरा दिवस द्या. मी पण सुरुवातीला एकेक शब्द तोडून ऐकायची आणि आता माझा स्पीड इतका आहे की घरातल्यांना तो आवाज मराठी आहे हेसुद्धा कळत नाही, आणि मला त्यातला प्रत्येक काना-मात्रा कळतो. कानाला सवय लागते हो, फक्त पळून जायचं नाही.

पहिल्या दिवशी व्हॉट्सॲपला हातच लावू नका. इन्सर्ट ही एनव्हीडीएची मुख्य की आहे (लॅपटॉपला इन्सर्ट सापडत नसेल तर मुलाला सेटिंगमध्ये कॅप्स लॉक करून द्यायला सांगा, तेच सोपं पडतं). ती धरून १ दाबलं की मदत चालू होते, मग कुठलीही की दाबा, ती की काय काम करते हे नुसतं सांगतं, काही बिघडत नाही. असं अर्धा तास सगळा कीबोर्ड चाचपून बघा. मग नोटपॅड उघडून पत्र लिहा कुणालाही, आणि ॲरोनं एकेक अक्षर, कंट्रोल धरून ॲरो मारला की एकेक शब्द, असं वाचत फिरा. आणि सगळ्यात महत्त्वाची की म्हणजे कंट्रोल. ती दाबली की वाचणारा आवाज गप्प. बडबड थांबवता येते हे एकदा कळलं की अर्धी भीती जाते.

मग व्हॉट्सॲप. इथं पहिलाच अडथळा क्यूआर कोडचा, कॉम्प्युटरच्या स्क्रीनसमोर फोनचा कॅमेरा नेमका धरा म्हणतात. मी दोन रात्री तो फोन पुढं-मागं, वर-खाली करण्यात घालवल्यात. ते करू नका. तिथंच फोन नंबरनं लिंक करायचा पर्याय असतो, तो घेतला की कॉम्प्युटर आठ अक्षरांचा कोड देतो, तो ऐकून फोनमध्ये टाकायचा, झालं. पुढं चॅटच्या यादीत वर-खाली ॲरो, एंटर मारला की चॅट उघडतं, टाइप करायच्या जागेवरून शिफ्ट-टॅबनं मागं मेसेजेसकडं जायचं आणि ॲरोनं एकेक ऐकायचा, कुणाचा आहे, काय आहे, किती वाजताचा आहे सगळं सलग येतं. हे ॲप दर काही महिन्यांनी बदलतं, काल दोन टॅब लागायचे तिथं आज तीन लागतात. तेव्हा आपलं चुकलं असं समजून घ्यायचं नाही, पुन्हा चाचपायचं. अगदीच अडलं तर ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब उघडता येतं.

आणि नातवाचा राग येऊ देऊ नका, वाचून दाखवणारा माणूस गाळतोच, माझा भाऊसुद्धा गाळायचा. पण बॅचमधल्या मित्रानं काय लिहिलंय ते तिसऱ्याच्या तोंडून न ऐकता त्याच्याच शब्दात ऐकणं काय असतं हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. उत्तर टाकलंत की मला जरूर कळवा.

प्रश्न : ओळखीच्या एकानं सांगितलं की एनव्हीडीए फुकटचं आहे म्हणून कच्चं आहे, जॉजच घ्या, आणि त्याची क्रॅक केलेली कॉपी तो देतो म्हणाला. घेऊ का? (विजापूर रोड)

उत्तर : नको. जॉज हा स्क्रीन रीडरपण चांगला आहे यात वाद नाही, १९८९ साली डॉस या जुन्या सिस्टिमसाठी आलेलं सॉफ्टवेअर, टेड हेंटर नावाच्या, अपघातात दृष्टी गेलेल्या माणसानं बनवलेलं, आणि ऑफिसनं लायसन्स दिलं तर आनंदानं वापरा. पण तुम्हाला जे करायचंय, फेसबुक, व्हॉट्सॲप, मेल, ते सगळं एनव्हीडीएवर होतं. क्रॅक कॉपीतून काय काय आत येईल सांगता येत नाही, आणि तुमचा प्रत्येक पासवर्ड त्याच सॉफ्टवेअरच्या कानावरून जाणार आहे.

प्रश्न : मी एम.ए. करतेय, जन्मापासून दिसत नाही. दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर टीडब्ल्यूब्लू होतं, त्यावर ट्विटर असं पळायचं की बास. २०२३ मध्ये ते एकदम बंदच पडलं. आता ब्राउझरमधून एक्स उघडते पण ॲरो मारून मारून बोटं दुखतात, पाच पोस्ट ऐकेपर्यंत अर्धा तास. मी कुठं जाऊ?

उत्तर : तुझं पत्र ऐकून मी जरा वेळ गप्प बसले, कारण मलापण तेच झालं होतं. ज्यांनी ते वापरलं नाही त्यांना आधी सांगते म्हणजे काय गेलं ते कळेल.

डोळ्यांनी बघणारा माणूस वेबपेजवर एका नजरेत नको ते टाळतो, मेन्यू, जाहिरात, बाजूची पट्टी. कानाला तसं उडी मारता येत नाही, कान एकामागून एकच गोष्ट घेतो, त्यामुळं एका पोस्टच्या आधी लाइक बटण, शेअर बटण, आणखी पर्याय, प्रोफाइल फोटो हे सगळं ऐकावं लागतं. म्हणून न दिसणाऱ्या लोकांनी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी वेगळे प्रोग्रॅम बनवले. आधी क्विटर आलं, मग टीडब्ल्यूब्लू वगैरे. डेनिस लेंब्रे यांनी ब्राउझरमध्येच चालणारं साधं, स्वच्छ ट्विटर बनवलं होतं, त्याचं नाव नंतर ईझी चर्प झालं. टीडब्ल्यूब्लूत सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्याची खिडकी उघडायचीच गरज नाही. मी ऑफिसात एक्सेलची शीट भरत असायची, समोर एक्सेलच, आणि दोन-तीन कीज एकत्र दाबल्या की कानात पुढची ट्विट, परत दाबलं की त्याच्या पुढची, कुणी मला उत्तर दिलं की वेगळा टुणुक आवाज, आणि हात तिथंच, शीटवर. दिसणारी माणसं फोनकडं एक नजर टाकतात ना, तशी ती आमची नजर होती.

हे चालायचं कशामुळं, तर ट्विटरनं एपीआय म्हणून एक मागचं दार उघडं ठेवलं होतं, त्यातून बाहेरचा प्रोग्रॅम आत जाऊन पोस्ट आणू शकायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये, कंपनीची मालकी बदलल्यावर, तिथली ॲक्सेसिबिलिटीची टीमच काढून टाकली गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये बाहेरच्या ॲप्सना दार बंद झालं. आधी सूचना नाही, काही नाही. त्याच वर्षी रेडिट या चर्चांच्या साइटनंपण एपीआयला पैसे लावले, पण तिथं अंध लोकांनी एवढा आवाज उठवला की रेडरीडर, डिस्टोपिया, लूना अशा काही ॲप्सना सूट मिळाली. म्हणजे ओरडून फरक पडतो, एवढं त्यातून मी घेतलं.

आता तुझ्यापुरतं. टीडब्ल्यूब्लू मेलेलं नाही, ते आता मॅस्टोडॉनवर चालतं, अगदी तसंच, न दिसणाऱ्या खिडकीसकट. मॅस्टोडॉन २०१६ मध्ये ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणानं सुरू केलं आणि त्याचा एक मालक नाही, हजारो सर्व्हर आहेत, एकमेकांशी बोलतात, ज्या नियमानं बोलतात तो नियम २०१८ मध्ये वेबच्या जागतिक संस्थेनं मान्य केलाय. एका सर्व्हरवाल्यानं उद्या दार लावायचं ठरवलं तर ते बंद व्हायच्या आधी तू तुझे फॉलोअर्स घेऊन दुसरीकडं जाऊ शकतेस. आणि तिथल्या लोकांना फोटोखाली वर्णन लिहायची सवय आहे, न लिहिलं तर लोक प्रेमानं आठवण करून देतात. मला पहिल्या आठवड्यात एका अनोळखी बाईनं टाकलेल्या मांजराचं वर्णन ऐकायला मिळालं, खिडकीत बसलीय, एक कान दुमडलाय, बाहेर पाऊस आहे. इतक्या वर्षांत मला कुणी मांजराचा कान सांगितला नव्हता गं.

पण खोटं सांगणार नाही, मराठी माणसं तिथं कमी आहेत. सोलापूरचं पाणी कधी येणार, परीक्षेची तारीख बदलली का, हे तुला तिथं कळणार नाही. म्हणून एक्सचं खातं ठेव आणि ॲरो मारणं बंद कर. इन्सर्ट-स्पेस दाबून फोकस मोडमध्ये जा, म्हणजे दाबलेली की थेट साइटला मिळते, मग J हे अक्षर दाबलं की पुढची पोस्ट, K दाबलं की मागची, N दाबलं की नवीन पोस्ट लिहायची जागा. बोटं दुखायची थांबतील. टेलिग्राम वापरत असशील तर नेहमीच्या डेस्कटॉप ॲपऐवजी युनिग्राम टाक, स्क्रीन रीडरला ते फार बरं पडतं. एकाच घरात सगळं सामान ठेवायचं नाही, एवढं मी २०२३ पासून पाळते.

प्रश्न : एका साइटवर खातं उघडताना चित्रातली अक्षरं टाका म्हणतं, ऐकायचा पर्यायच नाही. तक्रार केली तर ‘घरातल्या कुणाला तरी सांगा’ असं उत्तर आलं. हे कायद्यानं चालतं का? (होटगी रोड)

उत्तर : नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्याचं ४२ वं कलम माहिती आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमं आपल्याला वापरता येतील अशी असावीत हेच सांगतं. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल दिला, त्यात ऑनलाइन केवायसीचा, म्हणजे ओळख पटवून द्यायचा, प्रश्न होता, डोळे मिचकावा, चेहरा चौकटीत धरा वगैरे, आणि कोर्टानं स्पष्ट म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, घटनेच्या २१ व्या कलमाचा भाग आहे. तुम्ही तक्रार लेखी करा, कुठल्या पानावर, कुठल्या स्टेपला, कुठला स्क्रीन रीडर, काय ऐकू आलं हे सगळं लिहा, आलेलं उत्तर जोडा आणि पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे तिथं एक प्रत पाठवा. ‘घरातल्या कुणाला तरी’ या उत्तराचा मलापण संताप येतो. घरातल्याला पासवर्ड सांगायचा असता तर पासवर्ड कशाला ठेवला असता.

प्रश्न : माझं पोरगं पंधरा वर्षांचं, दिसत नाही, अंध शाळेतून आता साध्या शाळेत घातलंय. दिवसभर हेडफोन लावून कॉम्प्युटरवर काहीतरी करलालंय, विचारलं तर म्हणतं अंध लोकांचंच सोशल नेटवर्क आहे, पोलंडचं. स्क्रीन बघावी तर पूर्ण काळी. आम्ही यंत्रमागवाले माणसं, आम्हाला यातलं काय कळत नाही. हे बरं आहे का वाईट? (अक्कलकोट रोड)

उत्तर : दादा, आधी काळ्या स्क्रीनचं सांगते. एनव्हीडीएमध्ये स्क्रीन कर्टन म्हणून सोय आहे, पडदा ओढल्यासारखी. आपल्याला मागं कोण उभं राहून वाचतंय हे कळत नाही, तुम्ही दिसणारी माणसं मान वळवून बघता, आम्हाला ते जमत नाही, म्हणून पडदा. पोरगं काही लपवतंय असा लगेच अर्थ काढू नका, पंधराव्या वर्षी प्रत्येकाला दार लावून घ्यावंसं वाटतं आणि त्याच्याकडं तेवढंच एक दार आहे.

पोलंडचं म्हणतोय म्हणजे बहुतेक एल्टन असेल. त्याच्या आधी क्लँगो म्हणून होतं, तेसुद्धा पोलंडचंच. ही सॉफ्टवेअर पहिल्यापासून न दिसणाऱ्यांसाठीच बनवलेली, चित्रं नाहीत, बटणांची गर्दी नाही, ॲरोनं यादीत फिरायचं, मेसेज, चर्चा, एकमेकांशी आवाजात बोलायच्या खोल्या. तसंच टीमटॉक म्हणून एक आहे, डेन्मार्कचं, फुकट, ते खास अंधांसाठी नाही पण अंध लोकांनी जगभर आपलंसं केलंय, कारण चालवायला सोपं आणि आवाज स्वच्छ. एका खोलीत पाच-दहा जण बसतात, कुणी गाणं लावतं, कुणी नवीन कीबोर्ड कसा आहे ते टकटक करून ऐकवतं, कुणी रात्री दोन वाजता एनव्हीडीएचं ॲड-ऑन कसं लिहायचं ते शिकवतं. मी कॉम्प्युटरबद्दल जे शिकले त्यातलं निम्मं अशाच खोल्यांत, क्लास एकही लावला नाही. तिथं त्याला कुणी ‘अरेरे’ म्हणत नाही, तिथं तो नुसता एक पोरगा आहे ज्याचा स्पीड जास्त आहे. ते त्याच्याकडून काढून घेऊ नका.

पण माझं ठाम मत असं की तेवढ्यावरच भागवू पण देऊ नका. त्याच्या शाळेच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असणारच, त्यात तो आहे का ते बघा. नसेल तर उद्याच्या उद्या सरांना जाऊन भेटा. होमवर्क, क्रिकेट, कुणाचं कुणाशी भांडण झालं, सगळं तिथं चालतं आणि सोमवारी वर्गात ज्याला ते माहिती नसतं तो बेंचवर असून नसल्यासारखा. मी कॉलेजात तशी दोन वर्षं काढलीत. पोलंडचा मित्र रात्री बोलेल, पण डब्यातली शेंगाचटणी मागायला बाजूला बसलेलाच लागतो.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. एनव्हीडीएमध्ये २०२५ पासून रिमोट ॲक्सेस आतच दिलंय, म्हणजे दुसरा माणूस त्याच्या घरून तुमच्या मुलाचा कॉम्प्युटर चालवू शकतो. ओळखीच्या माणसाकडून मदत घ्यायला ही फार मोलाची सोय आहे, मीपण मैत्रिणीकडून असंच पुष्कळ दुरुस्त करून घेते. पण नव्या ओळखीचा कुणी म्हणाला की तुझं सेटिंग बिघडलंय, कनेक्ट व्हायचा कोड सांग, मी आत येतो, तर नाही म्हणायचं. आणि तुमच्या बँकेचं, यूपीआयचं काही त्या कॉम्प्युटरवर असेल तर ते आधी काढा. हे त्याला ओरडून नको, जेवताना सांगा. त्यालाच म्हणा की मला एकदा ऐकव तुझी खोली कशी असते, हेडफोनचा एक कान स्वतःला घ्या आणि दहा मिनिटं बसा. तो किती वेगानं ऐकतो ते बघून तुम्ही थक्क व्हाल.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटच्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मी ॲडमिन. त्यात एक ताई आहेत त्यांना दिसत नाही, लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वापरतात, पण त्या कधी काही बोलतच नाहीत, आम्हाला वाटायचं त्यांना आवड नाही. तुमचं वाचून वाटलं की आमचंच काही चुकत असेल का? (सात रस्ता)

उत्तर : वहिनी, तुम्ही हे विचारलंत याबद्दल तुमचे आभार मानते, आणि उत्तर जरा लांबेल.

माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगते. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे वडील मला अकरावी-बारावीला पुस्तकं कॅसेटवर वाचून द्यायचे, रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर, खोकला आला की कॅसेट थांबवून पाणी पिऊन परत. एका सकाळी आमच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला, एनव्हीडीए म्हणालं ‘इमेज’. त्याच्याखाली एकेकाचे हात जोडलेले, नुसते इमोजी, एकामागून एक तीस-चाळीस जणांचे. आता आपल्याकडं हात जोडलेले सुप्रभातला पण असतात, एकादशीला पण असतात. मला वाटलं रोजचंच, मी सवयीनं ‘शुभ सकाळ’ टाकलं. दोन दिवसांनी कळलं की ती इमेज म्हणजे काकांच्या निधनाची बातमी होती, अंत्ययात्रा किती वाजता कुठून निघणार तेपण त्यातच होतं. मला जाता आलं नाही. मैत्रिणीनं माझं ते ‘शुभ सकाळ’ वाचलं होतं. तिनं समजून घेतलं, पण मी अजून ते विसरलेले नाही. कुणी वाईट मनानं केलं नव्हतं, टाइप करायला एक ओळ लागली असती.

तेव्हा पहिलं काम हेच, चित्रात मजकूर असेल, निधन, लग्न, हळदीकुंकू, पाण्याची वेळ, डॉक्टरांचं शिबिर, काहीही, तर त्याच्याखाली दोन ओळी टाइप करायच्या. फेसबुकवर २०१६ पासून कॉम्प्युटर आपोआप फोटोचं थोडं वर्णन करतो, तिथं आणि एक्सवर आपण स्वतः वर्णन लिहायची वेगळी जागापण असते, व्हॉट्सॲपवर फोटोसोबतच्या कॅप्शनमध्येच लिहा. फोटो ओळखून सांगणारी ॲप्स आहेत माझ्याकडं, बी माय आइज आहे, डेन्मार्कमधून २०१५ ला सुरू झालेलं, आधी त्यावर व्हिडिओ कॉलवर दिसणारी माणसं मदत करायची आणि २०२३ पासून एआयपण सांगतं, आणि ते खरंच छान सांगतं. पण एका ग्रुपवर दिवसाला साठ चित्रं, प्रत्येक चित्र उचलून तिथं नेऊन विचारत बसायचं तर स्वयंपाक कधी करायचा. आणि मशीनला आपल्या गावचं काही कळत नाही. संक्रांतीला आपल्या गड्डा यात्रेत सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक असते, तेव्हा भाचीनं फोटो पाठवला, ॲप म्हणालं, पांढऱ्या कपड्यातले पुरुष लांब काठ्या धरून उभे आहेत. आता सोलापूरकराला नंदीध्वज म्हणजे काठ्या म्हणून सांगितलं तर कसं वाटेल!

दुसरं लिपीचं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की माझा इंग्रजी आवाज ते इंग्रजीच समजून वाचतो. ‘अरे’चं आर होतं, ‘पण’चं पॅन, ‘बरे’चं बेअर, ‘आले’चं एल. ‘अरे पण मी आले’ हे मला काय ऐकू येत असेल बघा. मी आता सरावानं उलगडते, पण दहा जणी भराभर बोलत असल्या की मी एक वाक्य उलगडेपर्यंत विषय तीन घरं पुढं गेलेला असतो, मग मी गप्प बसते. तुमच्या ताई गप्प का, याचं एक उत्तर इथं असू शकतं. देवनागरीत लिहा, टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनमध्ये मराठीत बोलून टाइप होतं. जुन्या फॉन्टमधलं, श्रीलिपी किंवा कृतिदेवमधलं, कॉपी करून टाकू नका, ते आम्हाला नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं म्हणून ऐकू येतं, युनिकोडच पाहिजे, म्हणजे फोनवर मराठी टाइप होतं तसं. नावाला किंवा शुभेच्छांना ती नक्षीदार वळणाची अक्षरं वापरतात तीपण नकोत. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे आमच्यासाठी कोरा कागद. इमोजी टाका, खुशाल टाका, पण एकच टाका, वीस फुलं टाकली की काही वेळा वीसदा फूल ऐकावं लागतं.

व्हॉइस मेसेज चालतात, पण ऑफिसात किंवा बसमध्ये ऐकता येत नाहीत आणि चार दिवसांनी त्यातला पत्ता शोधायचा म्हटलं तर सापडत नाही, म्हणून पत्ता, तारीख, नंबर टाइपच करा.

वर्णन कसं करायचं असं विचाराल, तर फार काही नाही. आमच्या शेजारच्या काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. गेल्या संक्रांतीला त्यांनी फोटोखाली लिहिलं होतं, ‘सम्मती कट्ट्याजवळ आहे, सातही नंदीध्वज आलेत, पहिला एवढा उंच की फोटोत मावला नाही, बाराबंदीवाले घामानं भिजलेत, माझ्यापुढं एक पोरगं बापाच्या खांद्यावर झोपलंय, लोक हर्र बोला हर्र म्हणलालेत तरी उठंना.’ मी तो मेसेज तीनदा ऐकला. लहानपणी दिसायचं तेव्हा मी ते बघितलंय, तरी ते झोपलेलं पोरगं मला काकूंनीच दिलं.

तुमच्या ताईंना आधी एकटं गाठून विचारा की त्या आवाज मराठी ठेवतात की इंग्रजी आणि काय त्रास होतो. ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारू नका, मला तरी ते आवडलं नसतं. मग ग्रुपवर नियम म्हणून न टाकता तुम्हीच आधी चार-आठ दिवस फोटोखाली दोन ओळी लिहायला लागा, ॲडमिनचं बघून बाकीच्या लिहितात. आणि आजवरच्या इमेजेसमधलं महत्त्वाचं काही राहिलं असेल, भिशीची तारीख, कुणाकडचं कार्य, तर ते त्यांना आजच सांगा, कदाचित त्यांना ते माहितीच नसेल.